पुळणीतली बटणं

प्रिय सम्या,

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते बटणासारखे चपटे चकचकीत शंख मिळतात ते येतात कुठून, असं विचारलंस ना, तर अरे ते तिथलेच, आपण चालतो त्याच ओल्या वाळूत बोटभर खाली राहतात! शास्त्रीय नाव अम्बोनियम व्हेस्टिॲरियम, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये नोंदवलेली ही छोटी समुद्री गोगलगाय, शंख जेमतेम सेंटिमीटरभर.

रंग तर काय सांगू, राखाडी, गुलाबी, पिवळट, तपकिरी, कुणावर नागमोडी रेघा, कुणावर ठिपके, आणि जात एकच बरं का. ना काटे ना कंगोरे, त्यामुळे वाळूत सरकायला सोपं जातं. जिवंत असलेला उचललास तर पाय झटकन आत ओढून घेते आणि तोंडावर पातळ गोल झाकण लावते. मग तळहातावर पाणी घेऊन हलू नकोस, हळूच बाहेर येते, मला तर तेवढं बघायला कितीही वेळ बसायला आवडतं.

हिच्या नात्यातल्या बहुतेक गोगलगायी खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, ही मात्र वाळूत बसून पाणी आत ओढते नि त्यातले बारीक कण कल्ल्यांनी गाळून खाते, आपल्या तिसऱ्या खातात तसंच. म्हणून तिला भरती-ओहोटीचा पट्टाच लागतो, कोरड्या वाळूत तिचं काही चालत नाही.

आणि काही रिकाम्या शंखांना एक गोल, कडा उतरत्या असलेलं भोक दिसेल, दोरा ओवायला कुणी पाडलंय असं वाटतं. ते काम नॅटिका नावाच्या दुसऱ्या गोगलगायीचं, ती वाळूतच हिला गाठते, शंख आम्लाने मऊ करत दातांच्या पट्टीने कोरते आणि आतलं मांस खाते.

लोक ओहोटीला याच पट्ट्यावरून जीप पळवतात ते बघून मला खरंच फार वाईट वाटतं रे, खाली एवढी दाट वस्ती आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ये, पाणी लांबवर ओसरतं तेव्हा. गाडी वर रस्त्यालाच लावू, आणि तुला हवे तेवढे रिकामे शंख वेचू, जिवंत सगळे परत वाळूत.

तुझी,
मनू