डॉक्टर विचारत नाहीत, वैद्य विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेपरात आतल्या पानावर छोट्या चौकटीत जाहिराती येतात बघा, कंपवात, लकवा, विसरभोळेपणा, गॅरंटीनं गुण, घरपोच पार्सल. त्यांच्यावर भांडायला हे पत्र नाही. आमच्या घरी तसलंच एक चूर्ण आलं आणि त्यानं गुण आला, खरंच आला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला, म्हणून लिहायलोय.

आमच्या आप्पांना पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, होऊन सहा वर्षं झाली. खानापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती, आणि माझं झेरॉक्स-कुरिअरचं दुकान. आधी आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला, चहाची बशी टकटक वाजायची म्हणून आई त्यांना पेल्यातनं चहा द्यायला लागली, मग पावलं बारीक पडायला लागली, सही मुंगीएवढी झाली. बेळगावच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी लिव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी दिली, म्हणजे शंभर मिलिग्रॅम लिव्होडोपा आणि दहा कार्बिडोपा, दिवसातनं तीनदा. चार-पाच वर्षं बरी गेली. मग गोळीचा जोर लवकर उतरायला लागला, दुपारचे तीन वाजले की आप्पा दारात खुंटा मारल्यासारखे उभे, पाऊलच उचलायचं नाही.

तेव्हा नंदगडची आत्या एका वैद्यांकडनं चूर्णाचा डबा घेऊन आली. सकाळ-संध्याकाळ एक चमचा दुधातनं. “झाडपाल्याचं हाय, ह्याला काय साइड इफेक्ट न्हाई, आणि डॉक्टरला सांगत बसू नको, उगंच वरडतंय.” आम्ही नाही सांगितलं. वैद्यांनी पण गोळ्यांचं पाकीट दाखवा असं कधी म्हटलं नाही, नाडी बघितली, पथ्य सांगितलं, झालं.

आणि काय सांगू, तीन आठवड्यांत आप्पांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, फक्त गळ्याजवळचं सोडून. फाटकापर्यंत एकटे जाऊन दूधवाल्याशी बोलत उभे राहायला लागले. आईनं देवापुढं नारळ फोडला. मग जेवताना मान आणि खांदे आपोआप वळवळायला लागले, आम्हाला वाटलं अंगात ताकद आली म्हणून हलतायत, इतके आम्ही शहाणे. मग एका रात्री गादीवर उठून बसले आणि चादर झटकायला लागले, “मुंग्या बघ किती चढायल्यात.” चादर पांढरी स्वच्छ. दोन दिवसांनी पहाटे उठताना चक्कर येऊन मोरीत पडले. घाबरून आम्ही काय केलं असेल? चूर्ण पण बंद आणि गोळ्या पण बंद. कुणाला न विचारता. तिसऱ्या दिवशी अंग फळीसारखं कडक, अंगात ताप, तोंडातनं शब्द फुटेना, गाडी करून बेळगाव गाठलं. ही गोळी अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं हे तिथं कळलं.

मोठ्या डॉक्टरांनी झापलं ते झापलंच, ते बरोबरच होतं. पण उपयोगी पडली ती एक शिकाऊ डॉक्टर मुलगी, कन्नड बोलणारी, मराठी तोडकं मोडकं. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, अजून काय काय घेता सांगा, काढा, चूर्ण, तेल, भस्म, सगळं. सहा वर्षांत हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा कुणीतरी विचारला! मी डबा पुढं केला, त्यावर ‘कवचबीज’ लिहिलेलं, तिला काही कळेना, मी मोबाईलवर शेंगेचा फोटो काढून दाखवला तशी ती ओरडलीच, “अय्यो, नसुगुन्नी!”

नसुगुन्नी म्हणजे आपली खाजकुइली. जांबोटीकडच्या कुंपणावर चढलेली, तपकिरी मखमली शेंगांची, लहानपणी आम्ही पैज लावून एकमेकांच्या मानेत टाकायचो आणि मग राख नाहीतर शेण चोळत बसायचो तीच. तर ह्या शेंगेच्या बीमध्ये लिव्होडोपाच असतो. म्हणजे ‘तसलं काहीतरी’ नाही, आप्पांच्या गोळीत जे आहे तेच, अगदी तेच. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी तो ह्या बियांतनं वेगळा करून दाखवला होता, आणि तिकडं अमेरिकेत डॉ. कोत्झियास यांनी डोपाचे (त्यात निम्मा लिव्होडोपाच) मोठे डोस देऊन पार्किन्सनचे पेशंट चालते केले ते १९६७ मध्ये. आयुर्वेदवाले कंपवाताला कवचबीज देत होते ते काही उगाच नव्हतं. मला हे वाचून अभिमान पण वाटला आणि घाम पण फुटला.

कारण मग मी दुकानात येऊन कुरिअरच्या वजनकाट्यावर आत्याचा चमचा ठेवला. शिगोशीग भरला की पाच ग्रॅमच्या थोडा वर. दिवसाला दोन, म्हणजे धरा दहा ग्रॅम. ह्या बीत लिव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के असतो, म्हणजे चारशे ते सहाशे मिलिग्रॅम, आणि बी कुठलं, दुधात शिजवून सोललं का नाही, ह्यावर तो आकडा आणखी खाली-वर. गोळ्यांतनं आप्पांना दिवसाला तीनशे मिळत होता. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतो, त्याचं कामच हे की लिव्होडोपा वाटेतच संपू नये, मेंदूपर्यंत जावा, तर त्यानं चूर्णातल्या मालालाही वाट करून दिली. आम्ही दोन वेगळी औषधं देत नव्हतो, एकाच औषधाचा डोस दुप्पट-तिप्पट करत होतो आणि तोही डोळे झाकून.

त्यामुळं “सगळं थोतांड आहे” असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. २००४ ला लंडनमध्ये आठ पेशंटवर हेच बी वापरून बघितलं, तीस ग्रॅम चूर्ण, तर ते नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडलं आणि जास्त वेळ टिकलं. बोलिव्हियात ज्यांना रोजची गोळी परवडत नाही त्यांच्यासाठी २०१७ मध्ये अठरा जणांवर बघितलं, तिथंही काम झालं. पण पुढं तेच चूर्ण चौदा जणांना रोज द्यायला घेतलं तेव्हा सात जणांनी मधेच सोडलं, कुणाचं पोट बिघडलं, कुणाची चाल उलट खालावली. आठ, अठरा, चौदा, एवढीच माणसं. ह्यावरनं कुणी गॅरंटी देत असेल तर त्याला कोपरापासनं नमस्कार.

आमच्या घरात अजून एक भानगड निघाली. आई अशक्तपणा म्हणून आप्पांना लोहभस्म असलेलं एक टॉनिक सकाळच्या गोळीबरोबरच द्यायची. लोह पोटात लिव्होडोपाला धरून ठेवतं, गोळी नीट लागू पडत नाही. ते आता दोन-अडीच तास मागं सरकवलंय. शेजारच्या काकूंना विसरण्याच्या आजारासाठी डोनेपेझिल चालू आहे, त्यानं नाडी मंदावू शकते, आणि सून वर ब्राह्मीच्या गोळ्या देते, लॅबमध्ये ब्राह्मीचंही काम थोडंफार डोनेपेझिलसारखंच दिसलंय. चांगलंच होईल का वाईट, मी सांगणारा कोण, पण डॉक्टरांना माहीत नको? आणि भस्माचं म्हणाल तर २००४ च्या एका अमेरिकन तपासणीत बोस्टनच्या दुकानातल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांपैकी चौदांत शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं होतं. शिसं आणि पारा तर मेंदूवरच जातात, म्हणजे आजार मेंदूचा आणि वर हे!

मला राग आत्याचा नाही, ती मायेनं घेऊन आली. राग ह्याचा येतो की हे सगळं जोडून बघायला बेळगावात काय कमी आहे? नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, शहापूरला आयुर्वेद कॉलेज आहे, मोठमोठे दवाखाने आहेत. पण पेशंटच्या हातात चिठ्ठी इंग्लिशमध्ये, दवाखान्यातला बोर्ड कन्नडमध्ये, चूर्णाचा डबा मराठीत, आणि तिन्ही एका टेबलावर कुणी ठेवत नाही. बोर्डाचं भांडण चालू दे हो, ते चालूच राहणार, पण केसपेपरवर ‘दुसरं काय घेता’ एवढी एक ओळ मराठी-कन्नड दोन्हीत छापायला काय जातंय? आणि वैद्यांनीपण पाकीट बघितल्याशिवाय पुडी बांधू नये.

आता आप्पांच्या गोळ्या डॉक्टरांनी नव्यानं बसवल्यात, थोड्या थोड्या पाच वेळा, जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि डाळ-उसळ जास्त करून रात्रीला ठेवलीय, कारण त्यातली प्रथिनं गोळीला आड येतात. कवचबीज बंद आहे. इसबगोल चालू आहे, डॉक्टरांना विचारून, कारण ह्या आजारात पोट साफ होत नाही हा एक वेगळाच छळ. कपाटाच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय, औषधाचं नाव, किती, किती वाजता, कुणी दिलं, कधीपासनं. परवा आत्याचा फोन आला, गुडघ्याला कुणी तरी तेल आणि काढा दिलाय, आईला पाठवू का. मी म्हटलं आधी डब्याचा फोटो पाठव. पाठवला, दोन्ही बाजूंचा!

तर विनंती एवढीच की तसला कोरा तक्ता तुमच्या रविवारच्या पानात छापा, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांना दिसेल असा. कात्रण घेऊन माझ्या दुकानात कुणीही या, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक वाचक
खानापूर, जि. बेळगाव