खुनाला ३०२ की १०३? गृहमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

पोलिसांच्या बढती परीक्षेतल्या तीन चुकलेल्या प्रश्नांबद्दलचं हे पत्र खरं तर आमच्या यजमानांनी लिहायचं. पण अंगावर खाकी असली की परवानगीशिवाय वर्तमानपत्राला लिहिता येत नाही. १९६६चा कायदाच आहे तसा. म्हणून मी लिहिते. मी वकील नाही. एका वकिलांकडे अठरा वर्षं टायपिंग करते, त्यामुळे कलमांचे आकडे डोक्यापेक्षा बोटांत जास्त बसलेत. गुजरातीत दोन अर्ज करून झाले. भांडायला मात्र मला मराठीच लागते.

यजमान हेड कॉन्स्टेबल. बढतीच्या खातेअंतर्गत परीक्षेला बसले होते. १ जुलै २०२४ला दंडसंहितेऐवजी न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी नागरिक सुरक्षा संहिता हे नवे कायदे लागू झाले, तेव्हापासून आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. मधोमध रेघ, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. चोरीच्या ३७९समोर ३०३, फसवणुकीच्या ४२०समोर ३१८, फिर्यादीच्या १५४समोर १७३. दंडसंहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ उरली. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ती नव्याने पाठ करायची म्हणजे घराचा पत्ता बदलल्यासारखं होतं. पाय जुन्याच गल्लीत वळतात. रात्रपाळीहून आल्यावर चहा निवेपर्यंत मी आकडे विचारायची, हे उत्तरं द्यायचे.

आणि पेपरात प्रश्न काय? ‘खुनाची शिक्षा कोणत्या कलमाखाली होते?’ पर्यायांत ३०२ आहे, १०३ही आहे. कायद्याचं नाव कुठेच नाही. यांनी १०३वर खूण केली. आन्सर कीमध्ये ३०२. साहेब, न्याय संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचं कलम आहे! आज झालेल्या खुनाला ठाण्यात कुणी ते लावलं तर त्याची काय गत होईल, ते आपण जाणता. हां, खून १ जुलै २०२४च्या आधीचा असेल तर जुनं ३०२च लागतं, तेही खरं. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात, चुकलाय तो प्रश्न. ज्याने नवं काहीच वाचलं नाही त्याला गुण मिळाला, आणि वही भरणाऱ्याचा पाव गुण कापला गेला.

दुसरा प्रश्न भाषेचा. न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी कोणत्या गुन्ह्यात जायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३)मध्ये आहे: सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे. पेपराच्या इंग्रजी बाजूला तसंच छापलंय. गुजराती बाजूला मात्र ‘सात वर्षथी वधु’, म्हणजे सात वर्षांहून अधिक. ‘के तेथी’ (किंवा त्याहून) हे दोन शब्द गळाले, आणि ३१८(४)ची फसवणूक, जिची शिक्षा बरोबर सात वर्षांपर्यंत आहे, ती गुजराती वाचणाऱ्याच्या उत्तरातून बाहेर पडली. ज्या बडोद्याने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला, तिथल्या माणसाने हे मुकाट सोसावं का?

तिसऱ्या प्रश्नात ‘क’ आणि ‘ड’ हे पर्याय अक्षरशः एकच होते. त्यावर काय बोलणार.

हरकत घ्यायला तीन दिवस दिले होते. त्यातला एक विसर्जनाचा. हे पहाटेपासून सूरसागर तलावावर बंदोबस्ताला, फोन खिशात, आणि हरकत त्यांच्याच लॉगिनमधून. रात्री पावणेबाराला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी कलमांचे फोटो काढून चढवत होते, ओटीपी ते ढोलताशात ओरडून सांगत होते. प्रत्येक प्रश्नाला शंभर रुपये भरले. पंधरवड्याने उत्तर आलं, तिन्ही प्रश्नांना एकच: ‘वांधो अमान्य.’ का अमान्य, कुणी ठरवलं, कशाच्या आधारे, काही नाही. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची नोकरी घालवायची नाहीये.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्येच कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सांगून ठेवलंय की प्रश्न संदिग्ध निघाला तर तो वेळेत वगळावा, त्याला गुण ठेवू नयेत. पुढे २०१७च्या रणविजय सिंग निकालात असंही म्हटलंय की न्यायालयांनी पेपर तपासायला बसू नये, शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्याला द्यावा. कार्यालयं हा दुसरा निकाल ढालीसारखा पुढे करतात. पण कोर्टाचं दार इतकं अरुंद असेल, तर हरकतीच्या खिडकीत तरी कुणी जागं माणूस बसायला नको का?

मला यजमानांसाठी बढती नकोय. ते पुन्हा बसतील. पहिल्या प्रश्नात दोन्ही उत्तरांना गुण द्या, उरलेले दोन वगळा. कापलेला पाव गुण ज्याचा त्याला परत करा. हरकतीचे दिवस बंदोबस्ताच्या तारखा बघून ठरवा. आणि हरकत फेटाळायची असेल तर कारण लिहा, दोन ओळी पुरे. फिर्याद घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला आपण कारण विचारताच ना?

उत्तर गुजरातीत दिलंत तरी चालेल. फक्त त्यात कलम लिहा, आणि ते कोणत्या कायद्याचं तेही.

आपली,
दांडिया बाजार, बडोदे येथील एका हेड कॉन्स्टेबलची पत्नी