शेपटीकडचा पंखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातील मैदानावर एका सभेसाठी हेलिकॉप्टर उतरले. आपल्या अंकात त्याचे छायाचित्र आले होते आणि खाली ओळ होती की शेपटीवरच्या छोट्या पंख्यामुळे हेलिकॉप्टरला वळता येते. ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे. हेलिकॉप्टरला वळू न देणे हे त्या पंख्याचे पहिले काम. छायाचित्रात त्याच पंख्यापासून जेमतेम दहा-बारा पावलांवर शाळकरी मुले उभी दिसत होती, म्हणून हे पत्र.

हवाई दलात मी वीस वर्षे चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढली. त्याआधीचे माझे बालपण सोलापूरच्या भवानी पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. वडील मागावर होते. सूत बोटांत धरून त्याचा पीळ कसा ओळखायचा, हे शाळेत जायच्या आधी मी शिकलो. पुढे प्रशिक्षणात टॉर्क हा शब्द ऐकला तेव्हा मला तो परका वाटला नाही. टॉर्क म्हणजे पीळच.

आपल्या घरातला छताचा पंखा बघा. मोटार पात्यांना एका बाजूला फिरवते, तेव्हा तेवढ्याच जोराचा उलटा पीळ तिच्या मधल्या, न फिरणाऱ्या भागाला बसतो. तो पीळ दांडीतून, बोल्टमधून छताच्या हुकापर्यंत जातो आणि छत तो मुकाट्याने सोसते. हेलिकॉप्टरला छत नाही. चेतकचा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. साहजिकच त्याच्याखालचे हेलिकॉप्टरचे धड, आतल्या माणसांसकट, उलट्या दिशेने फिरू बघते. शेपटीच्या टोकाचा पंखा तिथे आडवा जोर लावून शेपटीला डावीकडे रेटत राहतो आणि धड जागच्या जागी राहते. धडापासून तो इतका लांब ठेवलेला असतो त्याचे कारण पान्याच्या लांब दांड्यासारखेच. लांबून लावलेला थोडा जोरही पुरतो.

हा रेटा एकदा ठरवून दिला आणि झाले, असे नसते. पायलट डाव्या हातातला दांडा वर ओढतो तशी मोठ्या पात्यांची धार हवेत जास्त तिरपी होते, इंजिनावर ताण येतो, पीळ वाढतो आणि चेतकचे नाक डावीकडे सरकू लागते. त्याच क्षणी पायलटचा उजवा पाय पेडल दाबतो, शेपटीच्या पात्यांचा कोन वाढतो आणि नाक सरळ येते. दांडा खाली गेला की पाय सैल. बाहेरून हेलिकॉप्टर हवेत शांत टांगल्यासारखे दिसते. आत ते पाय क्षणभर स्थिर नसतात. शिवाय शेपटी डावीकडे रेटली जाते म्हणून सगळे हेलिकॉप्टरच डावीकडे वाहू लागते, मग मोठा पंखा किंचित उजवीकडे कलवून तेही सावरावे लागते. एकाची दुरुस्ती करताना दुसरे बिघडते, ते निस्तरताना तिसरे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत आपले व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर दोरखंडांनी बांधून प्रथम जमिनीवरून उचलले, त्यालाही शेपटीला पंखा होता, आणि आज जगातली बहुतेक हेलिकॉप्टरे त्याच घडणीची आहेत. दुसरे मार्गही आहेत. आपल्या हवाई दलात २०१९ मध्ये आलेल्या चिनूकला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे पंखे असतात, ते परस्परांविरुद्ध फिरतात आणि एकाचा पीळ दुसरा उलगडतो. नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरमध्ये तेच दोन पंखे एकाच खांबावर, एकावर एक. या दोघांना शेपटीच्या पंख्याची गरजच नाही.

आता मुद्द्याचे. शेपटीच्या पंख्याला वेगळे इंजिन नसते. मोठ्या पंख्याच्याच गिअरबॉक्समधून एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, शेपटीपर्यंत जातो. हवेत इंजिन बंद पडले तरी शेपूट पायलटच्या ताब्यात राहावी, म्हणून ही जोडणी मुद्दाम अशी असते. त्यामुळे मोठा पंखा फिरतोय तोवर छोटा फिरणारच, इंजिन चालू असो वा बंद. चेतकचा मोठा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, शेपटीचा दोन हजारांच्या आसपास. म्हणजे साडेपाच-सहापट.

लोक नेमके इथेच फसतात. हेलिकॉप्टर टेकते, इंजिनाचा आवाज उतरतो, वरची पाती संथ होत होत एकेक मोजता येऊ लागतात आणि गर्दीला वाटते, थांबले. वरचा पंखा सेकंदाला एक फेरा घेतोय म्हणजे शेपटीचा अजून घरच्या पूर्ण वेगातल्या पंख्याइतका फिरतो आहे. तोही माणसाच्या अंगाच्या उंचीवर. पूर्ण वेगात असताना तर तो डोळ्यांना दिसतच नाही. पात्यांची टोके पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेली असतात, पण भर उन्हात हवेत एक फिकट वर्तुळ तेवढे दिसते, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात धूळ उडाली की तेही नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर एका नव्या पोराची टोपी उडाली. तो तिच्यामागे शेपटीच्या कडेने धावला. आमच्या सार्जंटनी झेप घेऊन त्याचा पट्टा धरला आणि दोघेही आडवे पडले. टोपीचे निळे तुकडे आम्ही नंतर गवतातून वेचले. सार्जंट बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते.

परवाच्या मैदानावर दोर होता, पण तो पाहुणे उतरतात त्या बाजूला. शेपटीकडची बाजू मोकळी, आणि मुलांना चांगले दिसावे म्हणून त्यांना तिथेच नेले होते. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी समजू शकतो. म्हणून विनंती एवढीच की दोर आधी शेपटीकडे बांधावा आणि माणूसही तिथेच उभा करावा. पाती पूर्ण थांबून पायलटने खूण करेपर्यंत कोणालाही आत सोडू नये. नंतरही जायचे ते पुढून, पायलटच्या नजरेसमोरून.

रविवारी नातीला मी खेळण्यातली मोटार आणि तिच्याच बॅटऱ्या एकत्र बांधून टॉवेलच्या सुताने खिडकीला टांगून दाखवल्या. मोटारीला पुठ्ठ्याचे पाते लावले होते. बटण दाबल्याबरोबर पाते एकीकडे फिरले आणि बॅटऱ्यांचे गाठोडे दुसरीकडे. सुताला पीळ चढत गेला. ती म्हणाली, "आजोबा, याला शेपूट लावा ना." कोणत्याही शाळेने बोलावले तर मी ही मोटार घेऊन येईन. कार्यालयाकडे माझा पत्ता दिला आहे.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक,
सोलापूर