सवलत मिळाली, शिकवणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या परीक्षेतील सवलतींवरचा लेख कालच्या अंकात वाचला आणि संताप आला. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचे, प्रमाणपत्र ही गणित टाळण्याची पळवाट आहे, असा लेखाचा सूर आहे. खोटी प्रमाणपत्रे कुणी काढत असेल तर त्याला जरूर पकडा. पण त्यापायी खऱ्या गरजू मुलांना लबाड ठरवू नका.

माझ्या मुलीला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे अंक आणि गणिताची अध्ययन अक्षमता आहे. वाचन चांगले, निबंधाला वर्गात शाबासकी. पण ‘पंचवीस’ म्हटले की पाचवीतही ती ५२ लिहायची. म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. बाकीच्या मुलांच्या हे अंगवळणी पडते, हिच्या पडेना. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन दिले, तेव्हा विधिमंडळातसुद्धा थट्टा झाली. मला मात्र त्या पुस्तकाचा आधार वाटला होता.

आम्ही तिला गावातल्या एका नावाजलेल्या क्लासला घातले. तिथे इलाज एकच, आणखी गणिते आणि आणखी वेगात. सातचा पाढा चुकला म्हणून तो वहीभर लिहून आणायला सांगितला. तिने रात्री जागून लिहिला. दुसऱ्या दिवशी ‘सात आठे किती?’ विचारल्यावर ती गप्प. सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, ‘‘हिच्यावर फी कशाला वाया घालवताय?’’ त्यानंतर गणिताचा तास आला की तिच्या पोटात दुखू लागायचे, आणि ते ढोंग नव्हते.

पुढे एक विशेष शिक्षिका भेटल्या. त्यांनी पाढे बाजूलाच ठेवले. आधी दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे, मग दहाच्या नोटा आणि सुटी नाणी. वजाबाकीत दशक सुटे करायचे म्हणजे गठ्ठ्याचे रबर काढायचे, हे तिने स्वतःच्या हातांनी केले. अंक घरात राहावेत म्हणून चौकटीची वही. सात आठे आठवले नाही तर सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न. कितीतरी महिने नुसते एकक-दशकच चालले होते. घाई नाही, घड्याळ नाही.

आपल्या राज्यात या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमता आहे. तासाला वीस मिनिटे जादा, कॅल्क्युलेटर, सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा, सगळे कागदावर आहे. पण गुणायचे की भागायचे हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. ते शिकवणारा माणूस शाळेत लागतो, आणि तोही तिसरी-चौथीत. दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात तारखा घेत फिरणाऱ्या पालकांना विचारा, इतकी वर्षे शाळेने काय केले. आमच्या शाळेत विशेष शिक्षक आजही नाही, आणि खासगी शिकवणीचे तासाचे दर सगळ्यांना परवडणारे नाहीत. लेखात यावर एक ओळ नाही.

आणखी एक. त्याच पानावर ‘महिन्याभरात गणिताची भीती गायब’ अशी एका क्लासची जाहिरात आहे. हताश पालक अशाच जाहिरातींना फसतात, आम्हीही फसलो. अशी हमी छापण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाने त्या क्लासला एवढे तरी विचारावे, की या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी शिक्षक तुमच्याकडे आहे का.

– एक पालक, नाशिक