विषय: पासवर्ड बदलला की फाइल सेव्ह होत नाही; तिसऱ्या फोननंतरची लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या पासवर्ड साठवायच्या ॲपची लिनक्स आवृत्ती मी चार वर्षं पैसे भरून वापरतोय. ताज्या अपडेटपासून जुन्या नोंदीतला पासवर्ड बदलून सेव्ह दाबलं की 'फाइल जतन करता आली नाही' एवढंच येतं. का नाही, ते गुलदस्त्यात. यादीत मात्र नवा पासवर्ड दिसत राहतो. बँकेचा पासवर्ड मी असाच बदलला, ॲप बंद करून उघडलं, तर जुनाच. नवा वीस अक्षरी पासवर्ड तुमच्याच ॲपने बनवलेला, तो मला कुठला पाठ असायला! तीन चुकांत खातं लॉक.

आज तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, डिस्क फुल असेल." ११८ जीबी रिकामी आहे. "मग विंडोजवर करून बघा." मी गप्प. पाच मिनिटं होल्डवर बासरी ऐकवून उपाय आला: "फाइलला सुडो सीएचमॉड ७७७ द्या." परवानग्या बदलायची ही कमांड, आणि तीही पासवर्डच्या फाइलला! मी ती ६०० वर, म्हणजे फक्त मलाच वाचता-लिहिता येईल अशी ठेवलीय आणि तुम्ही ती मशीनवरच्या प्रत्येक युजरला वाचायला-लिहायला मोकळी करायला सांगताय. विचारलं, "तुम्ही स्वतःच्या फाइलला असं कराल का?" उत्तर: "सर, मी पासवर्ड वहीत लिहितो." तिन्ही फोन मिळून मला मिळालेलं हे एकमेव खरं उत्तर.

कारण शेवटी मीच शोधलं, ॲप सिस्टिमकडे काय काय मागतं ते दाखवणारं एस-ट्रेस हे टूल लावून. (दुसरा स्ट्रेस तुमच्याकडून मोफत.) अपडेटनंतर ॲप फाइलवर थेट लिहीत नाही, शेजारी तात्पुरती फाइल बनवतं आणि नाव बदलून जुनीच्या जागी ठेवतं. मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहू नये म्हणून. चांगलंय. पण त्यासाठी फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते, आणि माझा फोल्डर मुद्दाम रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या नावावर आहे, घाईत माझ्याच हातून फाइल डिलीट होऊ नये म्हणून. फाइल ७७७ केली असती तरी काही सेव्ह झालं नसतं. हे तुमच्या लोकांना माहीत नसेल तर ॲप लिहिलं कोणी?

सेव्ह फसलं तर कारण दाखवा, थेट लिहायचा पर्याय परत द्या. आणि पुन्हा सांगतो, सेव्ह न झालेला पासवर्ड यादीत दाखवू नका. यंदाची वर्गणी पंधरा दिवसांत परत आली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करून घेतल्यात. ती फाइल मात्र पहिल्या झटक्यात सेव्ह झाली.

फोन करू नका. लेखी कळवा.