अण्णा, तुमच्या वहीबद्दल

आदरणीय अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

समुद्रकाठच्या आमच्या घरासाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. किनाऱ्यावर घर बांधू बघणाऱ्या आणखी कुणाला यातलं काही उपयोगी पडलं, तर ते पुण्यही तुमच्याच पदरात.

रत्नागिरीजवळच्या गणेशगुळ्याची जागा आईच्या माहेरची, तिच्या वाट्याला आलेली. बाबा गेल्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं, "तिथं छोटंसं घर बांधूया." आम्ही हौसेनं एकाकडून नकाशा करून घेतला. पश्चिमेला सगळी काचेची भिंत, वर सपाट स्लॅब, चित्र बघत राहावं असं. ते घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही नकाशाची गुंडाळी करून बाजूला ठेवलीत, कपाटातून एक कोरी वही काढलीत आणि पहिल्या पानावर लिहिलंत : "या घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठणार?"

तीन आठवडे ती वही आमच्या घरात फिरली. वहिनीनं लिहिलं, पावसात ओले कपडे कुठं वाळणार? भाच्यानं लिहिलं, वाळूचे पाय धुवायला बाहेर नळ हवा, नाहीतर आजी ओरडेल. दादाची तर चार पानं झाली. आईनं एकच ओळ लिहिली, "भाकरी थापताना समुद्र दिसावा." अण्णा, त्या ओळीखाली तुम्ही पेन्सिलनं रेघ मारलीत आणि म्हणालात, "घर इथून सुरू करू." मग टेप घेऊन आईला उभं केलंत आणि तिच्या कोपरावरून ओट्याची उंची काढलीत. एकतीस इंच. आजवर आईच्या मापाचा ओटा आमच्या घरात कधी नव्हता, हे तेव्हा कळलं.

तुमची आयुष्यभराची नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यामुळं पाण्याचा विषय तुम्ही कधी वरवर घेतला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभागातल्या आमच्या घरातून बोटीनं बाहेर पडलेली आम्ही माणसं, तरी समुद्राकडे निघालो ते जोत्याची उंची न ठरवताच. तुम्ही आम्हाला जुलैत, अमावास्येच्या उधाणाला तिथं पाठवलंत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलेलं आठवतं, म्हणालात. त्यांनी दाखवलेल्या खुणेवरून जोतं ठरलं.

परवानगीचंही तसंच. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणं गणेशगुळ्यासारख्या विरळ वस्तीच्या खेडेगावात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या नकाशातला व्हरांडा त्या रेषेच्या आत येत होता. आधी मोजणी, मग घराची जागा, हा क्रम तुम्ही लावून दिलात म्हणून पुढचा मनस्ताप वाचला.

आणि ती बिजागरी! किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी घरातून आणलेली, तुम्ही रुमालात बांधून ठेवली होतीत. टेबलावर ठेवून नखानं खरवडलीत तर गंजाचे पापुद्रे सुटून पडले. "खारा वारा सळईलाही असंच खातो," एवढंच बोललात. कंत्राटदार सांगलीत करतो तसंच काँक्रीट धरून बसला होता. तुम्ही आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, उघडून दाखवलंत, किनारपट्टीला किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर त्याचं ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे आवरण. तेच शेवटपर्यंत राहिलं. वाळू नदीची, काँक्रीटला पाणी गोडं, बिजागऱ्या आणि कड्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. खर्च वाढला, पण त्या पैशाबद्दल घरात कुणाचीच कुरकुर नाही.

सपाट स्लॅबही नकाशातून गेला. रत्नागिरीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या सांगलीच्या कितीतरी पट. तिथली जुनी घरं उतरत्या कौलांची आणि पडवीची का, ते तुम्ही आम्हाला गावातून चालवत दाखवलंत. भिंती चिऱ्याच्या ठरल्या, छपराची वळचण चांगली पुढं आली. काचेच्या भिंतीच्या जागी ओट्यासमोर चार फुटांची खिडकी आली, झडप लावता येईल अशी.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो गच्चीवरचा रविवार. तुम्ही फक्की घेऊन आमच्या गच्चीवर अख्खं घर खऱ्या मापात आखलंत. दारं सोडलीत, पलंगांच्या जागी सतरंज्या टाकायला लावल्यात. "आता राहा," म्हणालात. रात्री उठून बाथरूमला जाताना आईला दोनदा वळावं लागतंय हे तिथं लक्षात आलं आणि भिंत दीड फूट सरकली, फक्कीची रेघ पुसून. मग आई ओट्याच्या जागी जाऊन उभी राहिली, विश्रामबागकडच्या बिल्डिंगांकडं तोंड करून. हात भाकरी थापल्यासारखे हलवले. कुणीच काही बोललं नाही. तुम्ही चष्मा पुसत होता.

वहीच्या शेवटच्या पानावरचा तुमचा प्रश्न बरेच महिने कोराच होता : "तुम्ही नसताना घर कोण उघडणार?" बंद घराला बुरशी धरते, महिन्यातून दोनदा तरी वारा खेळायला हवा, असं तुम्ही बजावलं होतंत. त्याचं उत्तर आता लिहिलंय. आईच्या मामेभावाची सून शेजारीच राहते, किल्ली तिच्याकडं आहे. या पावसात तिचा फोन आला, पश्चिमेच्या खोलीत एक थेंब नाही.

दिवाळीनंतर आई तिकडं जाणार आहे. तुम्ही आणि काकू नक्की या. आंबा घाटातून सकाळी लवकर निघालात तर जेवायला पोहोचाल. भाकरी आईच करणार आहे.

तुमची,
गावभागातली लेक