चिऊच्या लाल जॅकेटबद्दल

ग्योटिंगेन (जर्मनी), २५ ऑक्टोबर २०२५

आई,

पाडव्याला व्हिडिओ कॉलवर तू काही बोलली नाहीस पण तुझा चेहरा मला कळला. चिऊनं ते लाल जॅकेट घातलं होतं, आत पट्टीवर दुसऱ्याच पोराचं नाव, आणि ती शहाणी जॅकेट उलटं करून दाखवतेय की आज्जी बघ ह्यावर काय लिहिलंय. मग रात्री दादाचा मेसेज, आई रडतेय, पैसे पाठवू का. नको म्हणावं त्याला. फोनवर तू "बरं बरं" म्हणून विषय बदलतेस म्हणून लिहायलाच बसले.

तंगी आहे ते खरंय, लपवत नाही. ह्यांची पीएचडीची नोकरी ६५ टक्क्यांची, म्हणजे काम पूर्ण दिवसाचं आणि पगार पाऊणसुद्धा नाही, आणि माझं गाडं अजून जर्मनच्या क्लासात अडकलंय. चिऊचे सरकारकडून महिन्याला अडीचशेच्या वर युरो येतात, बालवाडीची फी तीन वर्षं झाल्यापासून माफ आहे, फक्त जेवणाचे द्यायचे. तरी घरभाडं गेलं की हातात काय राहतं ते तू नको विचारूस, मी नको सांगायला. आणि लहान पोरांच्या कपड्यांवर पण इथं मोठ्यांएवढाच १९ टक्के टॅक्स, बोल आता!

त्यात कपडे किती लागतात बघ. बालवाडीवाले पोरांना रोज बाहेर काढतात, पाऊस असो की बर्फ. हवा कधी वाईट नसते, कपडे वाईट असतात, असं इथले लोक म्हणतातच. मग चिखलात लोळायची एक वेगळी रबरी विजार, तिला माचहोझं म्हणतात, गमबूट, बर्फाचा सूट, आतून गरम बनियन, त्यावर लोकर, त्यावर जॅकेट, कांद्यासारखे थरावर थर, शिवाय एक अख्खा जोड बालवाडीतल्या खुंटीवर जास्तीचा. बर्फाचा सूट नवा घ्यायचा तर ५०-६० युरो सहज आणि तो चालतो एक थंडी.

तू म्हणशील वाढत्या अंगाचा घे. तेच तर होत नाही गं इथं! आपल्याकडं शाळेचा ड्रेस दोन बोटं दुमडून टीप मारायची आणि दर जूनला उसवायची, माझा पाचवीचा स्कर्ट सातवीपर्यंत चालला. बर्फाचा सूट मोठा घेतला तर पोरगी पायात अडकून पडते आणि गळ्यातून वारं आत जातं ते वेगळंच. इथं माप वयावर नसतं, उंचीवर असतं, ९२, ९८, १०४, सहा-सहा सेंटिमीटरनं पुढं. चिऊ मागच्या थंडीत ९२ मध्ये होती, आता ९८ घट्ट व्हायला लागलंय. (बाबांना सांग, जन्म सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये गेला तुमचा, ही सायझिंग वेगळीच आहे.)

तर मग इथं करतात काय, वर्षातून दोनदा बालवाडीचे नाहीतर चर्चचे लोक हॉलमध्ये बाजार भरवतात, उन्हाळी कपड्यांचा वसंतात आणि थंडीच्या कपड्यांचा सप्टेंबरात. नाव पण बासार, आपलाच बाजार, फारसीतून फिरत फिरत इकडं पोचलेला. प्रत्येक विकणाऱ्याला एक नंबर, कपड्याला चिठ्ठी लावायची, नंबर, माप, किंमत. टेबलांवर मापाप्रमाणं ढीग. विकलं गेलं की साधारण पाचातला एक भाग बालवाडीला, बाकीचे तुझे. गरोदर बायकांना आधी आत सोडतात, गर्दीत धक्काबुक्की नको म्हणून, आणि कोपऱ्यात आयांनी घरून करून आणलेले केक विकायला. मला पहिल्यांदा आपल्या गुरुवारच्या बाजारासारखं वाटलं, फक्त कोणी ओरडत नाही. बर्फाचा सूट १० युरोला मिळाला, माचहोझं ४ ला.

पण लाल जॅकेट त्या बाजारातलं नाही, ते आमच्या बिल्डिंगमधलं. इथं आम्ही पाच-सहा घरं, सगळी युनिव्हर्सिटीची नाहीतर नवीन आलेली, सगळ्यांचीच ओढाताण. तळघरात कपडे धुवायच्या खोलीत एक फडताळ आहे, त्यावर पिशव्या, पिशवीवर माप लिहिलेलं. पोराला झालं नाही की धुऊन, चेन चालते का बघून ठेवून द्यायचं, लागेल त्यानं न्यायचं, पैशांचा विषयच नाही. एक जण फक्त गोळे आलेले स्वेटर ठेवते आणि चांगलं ते ऑनलाइन विकते, आम्हाला सगळ्यांना माहितीये, कोणी बोलत नाही. बूट मात्र मी घेत नाही, दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट नको. त्या जॅकेटवर तीन नावं आहेत, दोन खोडलेली. तिसरा पोरगा चिऊच्याच वर्गात आहे, आता ११० मध्ये, आणि तिला वाटतं जॅकेटवर दोस्ताचं नाव असणं म्हणजे फार भारी.

तुला काय आठवलं असणार ते मला माहितीये. आत्याकडच्या लग्नात मी तो निळा फ्रॉक घातला होता आणि आत्याची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, हा माझा आहे. मी सात वर्षांची होते. तू मला तशीच उचलून घरी आणलंस आणि पुढच्या वेळी आत्यानं पिशवी दिली ती सरळ बोहारणीला घातलीस आणि स्टीलचा डबा घेतलास, तोच ना अजून चिवड्याचा? इचलकरंजीत अख्ख्या देशाचं कापड निघतं आणि माझ्या पोरीनं दुसऱ्याचं का घालावं, असं तू बाबांशी भांडलेली मी ऐकलेलंय. पण तेव्हा पिशवी एकाच बाजूनं यायची गं, आपल्याकडून तिकडं जायला काहीच नसायचं. इथं माझ्या पण पिशव्या जातात. ८६ ची पूर्ण पिशवी मी ठेवली, ती दुसऱ्या दिवशी गायब!

आणि आता रागावू नकोस. तू शिवलेली कुंची, बाबांनी ताग्यातलं मऊ कापड आणलं होतं ती, मी दिली. खालच्या मजल्यावर सिरियाची शेजारीण आहे, तिला जुलैत मुलगा झाला, तिच्याकडं टोपी होती पण मागून मान उघडी पडायची. मी म्हटलं थांब. तिनं ती आधी नुसती हातात धरून टीप बघितली, मग बाळाला घातली आणि म्हणाली, हे कुठल्या दुकानात मिळतं. मी म्हटलं दुकान माझ्या आईचं.

बाळ झपाट्यानं वाढतंय, दोन महिन्यांत होणार नाही त्याला. ती विचारतेय अजून एक मिळेल का, पैसे देते म्हणाली, मी नको म्हटलं. आत्ता डोक्याचा घेर ४१ सेंटिमीटर आहे. अस्तर जाड लाव, मागचं पान लांब ठेव, आणि पार्सलवर भेटवस्तू लिही, किंमत ४५ युरोच्या आतली म्हणजे ड्युटी लागत नाही. माप थोडं सैलच धर, कुंची वाढत्या अंगाची चालते.

तुझी,
बबी